कुठल्या कोंबडीने किती खाल्लं?

मी कोंबड्यांचं जेवण करायचे. नोकरी काय करता असं कुणी विचारलं की सुरुवातीला मी 'पशुखाद्य कारखान्यात गुणवत्ता विभाग बघते' असं सांगायचे. लोक मान डोलवायचे आणि विषय बदलायचे. 'कोंबड्यांचं जेवण करते' म्हटलं की मात्र खुर्ची पुढे ओढून बसायचे. मग मीही तेच सांगायला लागले.

नवरा वीजकेंद्रात लागला म्हणून आम्ही कऱ्हाडकडून इकडे आलो. सालवडला भाड्याने घर घेतलं. माझ्याकडे पशुवैद्यकाची पदवी होती, आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका खाद्य कारखान्याला असा माणूस हवा होता. औषधं, रंग आणि रसायनांच्या कारखान्यांच्या गर्दीत आमचा एकच कारखाना असा, की त्याच्या फाटकापाशी भाजलेल्या मक्याचा वास यायचा. रिक्षावाले पत्ता विचारत नसत.

काम तसं सोपं. मका, सोयापेंड, कोंडा, शिंपल्यांची भुकटी, मीठ, जीवनसत्त्वं हे सगळं ठरल्या मापात दळायचं, मिसळायचं, मग वाफ देऊन यंत्रातून दाबून त्याची गोळी पाडायची. गोळी कशाला, असं पाहुणे नेहमी विचारतात. कारण कोंबडी लबाड असते. तिच्यापुढे नुसता भरडा टाकला तर ती पिवळे-पिवळे कण वेचून खाते आणि पीठ तसंच ठेवते. गोळीत तिला निवड करता येत नाही. प्रत्येक घासाला सगळं पोटात जातं.

हे पुस्तकात होतं, पण मला ते शिकवलं एडवणच्या एका बागायतदाराने. नारळ-केळीची वाडी, आणि वाडीत मोकळ्या सोडलेल्या अंड्यांच्या कोंबड्या. एक दिवस ते खाद्याचं अर्धं पोतं घेऊन कारखान्यात आले आणि माझ्या टेबलासमोर बसले.

"मॅडम, माज्या अंड्यांना बोंबलाचा वास येतो. गिऱ्हाईक परत करतात. तुमी यात मासळी जास्ती घालता."

मी पोतं तपासलं. मासळीची भुकटी अगदी बेताची होती. त्यांना ते पटलं नाही. शेवटी मी त्यांच्याबरोबर एडवणला गेले आणि वाडीत नुसती बसून राहिले. सकाळचा दाणा खाऊन झाल्यावर कोंबड्या रांगेने कुंपणातल्या एका भोकातून बाहेर पडल्या, शेजारच्या मासळीच्या वाळवणाखाली गेल्या आणि खाली पडलेला सुका जवळा टिपायला लागल्या. बागायतदार माझ्याकडे बघेनात. मग म्हणाले, "शेजाऱ्याला सांगू नका. तो जवळ्याचे पैसे मागंल."

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून ठेवली. आपण कोंबडीपुढे काय ठेवलं आणि कोंबडीने काय खाल्लं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. या दुसऱ्या प्रश्नाने पुढे माझी नोकरीची शेवटची वर्षं व्यापली.

लाडकीची ओळख कारखान्याच्या फाटकावर झाली. ती मासवणजवळच्या एका पाड्यावरची, बोईसरच्या बाजारात रानभाज्या विकायला यायची. जाताना आमच्या फाटकाशी थांबून गाड्यांमधून सांडलेला मका झाडून न्यायला मागायची. मी नाही म्हणाले. सांडलेला मका ओला होतो, त्याला बुरशी येते, ती बुरशी कोंबडीचं यकृत नासवते. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग चांगला दे."

लाडकी मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करते. तिच्या बोलीत अहो-जाहो फारसं नाहीच, आणि मला ते आवडतं.

तिच्या कोंबड्या पाहायला मी मासवणला गेले आणि मग जातच राहिले. या गावठी कोंबड्या म्हणजे घरची तिजोरी. पाहुणा आला, पोर आजारी पडलं, शाळेचं काही आलं, की कोंबडी विकायची. आणि दर वर्षा-दोन वर्षांनी मानमोडी येते. पुस्तकी नाव रानीखेत. कोंबडी पेंगते, हिरवं हगते, मान वाकडी करून गोल गोल फिरते आणि मरते. एका घरात शिरली की पाड्यात कोंबडा आरवत नाही.

यावर लस आहे, चांगली आहे, महागही नाही. पण ती बर्फात ठेवावी लागते, कालवली की लगेच संपवावी लागते, आणि एकेक कोंबडी धरून डोळ्यात थेंब घालावा लागतो. गावठी कोंबडी दिवसा हाती लागत नाही. म्हणून उजाडायच्या आधी, ती झाडावर किंवा डालग्याच्या टोपलीखाली असते तेव्हा जायचं. सुट्टीच्या दिवशी मी थर्मासमध्ये बर्फ भरून जायचे. लाडकी कोंबड्या धरायची, मी थेंब घालायचे. वर्षातून काही वेळा हे जमायचं. उरलेलं वर्ष नशिबावर.

अशात वैदेही आमच्या कारखान्यात आली. मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत ती वनस्पतींच्या जनुकांवर काम करायची. वयाने माझ्या मुलीएवढी, बोलायला हळू आणि प्रश्न विचारायला अजिबात न लाजणारी. तिने एक छोटी बरणी टेबलावर ठेवली. आत साधा दिसणारा भरडलेला मका होता.

"यात रानीखेतची लस आहे," ती म्हणाली. "म्हणजे, असावी."

मी बरणी उचलून बघितली. वास मक्याचा, रंग मक्याचा.

"विषाणू आहे यात?"

"विषाणू नाही. त्याच्या अंगावरच्या आवरणाचा एक तुकडा. समजा, चोर नाही, चोराचा सदरा. सदरा काही चोरी करत नाही, पण कुत्र्याला हुंगायला दिला तर पुढे चोर आल्यावर कुत्रा ओळखतो. तो सदरा शिवायची कृती आम्ही मक्याच्या जनुकांत घातली आहे. झाड वाढतं, कणीस धरतं, आणि दाण्यात तो सदरा तयार होतो. कोंबडीने दाणा खाल्ला की तिच्या शरीराला ओळख पटली पाहिजे."

"पटते?"

"ते मला माहीत नाही. म्हणून आले."

तिचं हे उत्तर मला फार आवडलं. आणि माझ्या डोळ्यांपुढे मासवण आलं. ना बर्फ, ना थर्मास, ना पहाटेची धरपकड. अंगणात मूठभर दाणे फेकले की काम झालं. तेवढ्या एका कल्पनेने मला त्या रात्री नीट झोप आली नाही.

मका बंदिस्त काचघरात वाढवलेला होता. परवानग्या घेऊन, तिथेच भरडून, सीलबंद पिंपांतून तो मनोर रस्त्याच्या एका बंदिस्त शेडमध्ये, प्रयोगाच्या कोंबड्यांपाशी आला. आमच्या कारखान्यात त्याचा एक दाणाही येणार नव्हता. कारखान्याने फक्त एक लहान गोळीयंत्र, बॉयलरवाला रामसुरत आणि मला उसनं दिलं होतं. शेडमध्ये शिरताना अंघोळ, वेगळे कपडे, वेगळे बूट. आणि एक कडक नियम: प्रयोग चालू असेपर्यंत बाहेरच्या कुठल्याही कोंबडीजवळ जायचं नाही. रोग माणसाच्या बुटावरून, केसांवरूनही प्रवास करतो. एकदा बाहेर कोंबडीला हात लावला तर प्रयोग संपेपर्यंत शेडमध्ये पाऊल नाही.

पहिली चूक माझीच. वैदेहीला धास्ती होती की वाफेने तो तुकडा नासेल. मी म्हटलं, वाफ कमी ठेवू, गोळी थोडी कच्ची पडेल, पण पडेल. रामसुरतने यंत्राकडे बघून मान हलवली. "मैडम, भाप कम करेंगे तो गोली टूटेगी. भाप देंगे तो आप का दवा जलेगा. आप लोग तय कर लो." आम्ही मधला मार्ग काढला. गोळी झकास पडली. तपासणीत त्यात मक्याशिवाय काही उरलेलं नव्हतं. दाबाखाली यंत्र स्वतःच तापतं, हे इतकी वर्षं काम करून माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

मग भरडाच द्यायचा ठरला. म्हणजे माझ्या जुन्या प्रश्नाशी पुन्हा गाठ. मी खुर्ची घेऊन जाळीपाशी बसायला लागले. एक ठसकेबाज कोंबडी होती, पायात पिवळी कडी. ती भांड्याच्या मधोमध उभी राहायची आणि मोठे पिवळे कण निवडून खायची. कुणी जवळ आलं की टोच. तिचं पोट भरलं की बाकीच्या यायच्या. सगळ्यात शेवटी एक निळ्या कडीची, मानेवरची पिसं इतरांनी उपटलेली. ती तळातलं पीठ चाटूनपुसून खायची.

"पिवळीला लस भरपूर मिळणार," मी वैदेहीला सांगितलं, "आणि निळीला काहीच नाही. जिला सर्वांत जास्त गरज तिलाच नाही."

"रक्त काढल्यावर कळेल," ती म्हणाली. तारीख ठरली. मी त्या दिवसाची वाट बघत होते.

रक्त काढायच्या आधीच लाडकीचा फोन आला.

"बाय, खालच्या पाड्यात कोंबड्या माना टाकाया लागल्या. आमच्यात अजून नाय. तू कवा येशील?"

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात फोन केला. लस होती. पण घरोघर फिरून थेंब घालायला माणूस नव्हता. तिथले डॉक्टर एकटे, तीन गावांत एकाच वेळी मानमोडी उठलेली. अजून आजार न पोचलेल्या कोंबड्यांना आत्ता लस दिली तर त्या वाचण्याची शक्यता. चार दिवसांनी दिली तर काही उपयोग नाही.

मी वैदेहीला शेडच्या बाहेर बोलावलं आणि सांगितलं.

"गेलात तर परत आत येता येणार नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

तिने बुटाच्या टोकाने माती उकरली. "जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण भांड्याकडे तुमच्यासारखं बघणारं माझ्याकडे दुसरं कुणी नाही."

मला राग आला. तिचा नव्हे, असं निवडावं लागण्याचा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामात खरोखर नवं काही घडत होतं, त्याचं उत्तर जाळीपलीकडे चालत-फिरत होतं, आणि मला ते बघता येणार नव्हतं. पण लाडकीच्या कोंबड्यांना चार दिवस नव्हते. मी घरी आले, थर्मास धुतला.

मासवणला लाडकी उजाडायच्या आधीच रस्त्यावर येऊन उभी होती. मी आधी नुसतं तिलाच नव्हे, तर पाड्यातल्या प्रत्येक घराला सांगितलं: ज्या कोंबडीत रोग शिरलाय तिला हे औषध वाचवणार नाही; आणि रोग शिरलाय का, हे आज दिसणार नाही. लोकांनी माना हलवल्या. आम्ही घरामागून घर घेत गेलो. झाडावरच्या कोंबड्या उतरवायला लाडकीचा भाऊ वर चढला.

वाटेत मी तिला मक्याचं सांगितलं. ती थांबली.

"मंग त्यो मका का नाय आणलास?"

"अजून कळलेलं नाही तो चालतो की नाही. आणि बाहेर न्यायची परवानगी नाही."

"येवढासा आणला असतास तर कोण बघतंय?"

"समज, आणला असता. तू काय केलं असतंस?"

"आर्धा घातला असता, आर्धा पेरला असता," ती सरळ म्हणाली. "चांगला दाणा कोण सगला कोंबड्यांना घालतं?"

आमच्या भाषेत ते खाद्य होतं. तिच्या हातात ते बियाणं झालं असतं. ते उगवलं असतं, त्याचे तुरे वाऱ्यावर हलले असते, शेजारच्या शेतातल्या कणसांत ते शिरलं असतं, आणि पोरांनी ती कणसं भाजून खाल्ली असती.

"पोरांनी खाल्ला तर काय होतं?" लाडकीने विचारलं, जणू तिनेही तेच बघितलं होतं.

"बहुतेक काही नाही. पण बहुतेकवर मी तुझ्या नातवाला खाऊ देणार नाही."

"मंग कोंबड्यांना कशी देतेस?"

"म्हणून तर कोंडून ठेवलंय."

तिने यावर विचार केला आणि पुढच्या घराचं दार वाजवलं.

पुढचा आठवडा वाईट गेला. पाड्याच्या कडेच्या एका घरातल्या सगळ्या कोंबड्या मेल्या. आम्ही थेंब घातलेल्या. त्या घरातली बाई, सोमी, मी गेल्यावर अंगणातून उठलीही नाही. "तुज्या औषधानं मारल्या," म्हणाली. मी समजावलं, रोग आधीच शिरलेला होता. मला स्वतःलाच ते शब्द पोकळ वाटले. जिची अंगणभर पिसं पडली आहेत तिला कारण सांगून काय होतं? मी तिच्याशेजारी बसले. पिसं गोळा केली, खड्डा खणायला मदत केली, चुना टाकला. तिचं मन अजून पूर्ण निवळलेलं नाही, आणि ते मी समजू शकते.

बाकीच्या घरांत मात्र रोग फिरकला तरी थांबला. लाडकीचा एक कोंबडा गेला, कोंबड्या राहिल्या. खालच्या पाड्यात काहीच उरलं नाही.

याच दिवसांत वैदेहीचा फोन आला. रक्ताचे निकाल आले होते. तिच्या आवाजात आनंदही होता आणि वैतागही.

"काहींच्या रक्तात ओळख दिसतेय, काहींच्यात नाही. म्हणजे तत्त्वतः मका काम करतो. पण उलटं झालंय. पिवळी कोरी आहे. निळीच्या रक्तात सर्वांत जास्त."

मी तेव्हा घराच्या पायरीवर भाजी निवडत होते. जुडी खाली ठेवली.

"तुम्ही इथे असता तर काय बघितलं असतंत?" तिने विचारलं.

"भांड्यात काय उरतं ते. सकाळी एकदा, पिवळी खाऊन गेल्यावर. चाळून बघा. मोठे कण वेगळे, पीठ वेगळं. आणि दोन्हींत तुमचा सदरा किती आहे ते तपासा."

तिने तसं केलं. पिठात तो तुकडा जास्त निघाला, पिवळ्या टणक कणांत जेमतेम. मक्याच्या दाण्यात टणक भाग असतो आणि पिठूळ भाग असतो. दळताना पिठूळ भागाचंच पीठ होतं. सदरा बहुधा तिथेच जास्त साठत असावा, असा आमचा अंदाज. दांडगाईने निवडून निवडून खाणारी पिवळी लस टाळून खात होती, आणि सगळ्यांच्या मागून येणारी निळी ती चाटून घेत होती. माझं भाकीत सपशेल चुकलं होतं. मी फोनवर इतकी हसले की नवरा बाहेर येऊन बघून गेला.

पण प्रश्न सुटला नव्हता, उलट नीट समोर आला होता. भांडं सगळ्यांचं एक, खाल्लेलं प्रत्येकीचं वेगळं. अर्धवट लस मिळालेली कोंबडी निरोगी दिसते, मालकीण निर्धास्त होते, आणि मग मानमोडी येते. पीठ तेलात कालवून कणांना चिकटवावं का, मका आणखी बारीक दळावा का, दाण्यात तो तुकडा सगळीकडे सारखा तयार होईल असं झाड करता येईल का, यावर आम्ही फोनवर तासन्तास बोललो. काही गोष्टी तिने करून बघितल्या. थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

प्रयोग संपला तेव्हा नियमाप्रमाणे उरलेला मका जाळला आणि कोंबड्याही मारून जाळल्या. हे मला आधीपासून माहीत होतं. तरी वैदेहीने सांगितलं तेव्हा मी निळीबद्दल विचारलं.

"तीही," वैदेही म्हणाली. "मी तिथेच होते. दुसऱ्यावर सोपवून निघून जावंसं वाटलं नाही."

मी आतापर्यंत लाखो कोंबड्यांचं जेवण केलं असेन. त्यातल्या बहुतेक कापायलाच वाढवलेल्या, हे ठाऊक असून एकीचीही कधी चौकशी केली नव्हती. हिची केली.

आमच्या राज्यातल्या कुठल्याच अंगणात असा मका आज नाही, आणि इतक्यात येईल असं मला वाटत नाही. यायला हवा का, असं मला लोक विचारतात. जनुकं बदललेलं पीक म्हटलं की अर्धे लोक घाबरतात, अर्धे टाळ्या वाजवतात. मला दोघांच्यात बसता येत नाही. मला अजून सोमीचं अंगण दिसतं, आणि लाडकीने पेरायला बाजूला ठेवला असता तो अर्धा दाणाही दिसतो. कुणी पुन्हा बरणी घेऊन आलं तर मात्र मी खुर्ची घेऊन जाळीपाशी बसणार, एवढं नक्की.

बाहेरच्या कोंबड्यांजवळ जायची बंदी उठल्यावर वैदेही मासवणला आली. तिला पाहायचं होतं. मी निवृत्त झाले होते, तरी लशीची फेरी चालू होती. आता पाड्यातल्या आणखी दोघी शिकल्या आहेत आणि दवाखान्यातून लस त्याच आणतात. पहाटेचं धुकं होतं. लाडकीने डालगं उचललं आणि एक तांबडी कोंबडी वैदेहीच्या हातात दिली. तिने ती अशी धरली की कोंबडीने तिच्या मनगटावर नखांची रेघ ओढली.

"पंख दाब. आवळू नको, नुसता दाब," लाडकी म्हणाली. "आता डोकं आडवं कर. हां. थेंब सोड, आन लगेच सोडू नको तिला."

"का?"

"बघ ना."

थेंब कोंबडीच्या उघड्या डोळ्यावर चमकत राहिला. आम्ही तिघी वाकून बघत होतो. कोंबडीने डोळा मिटला, उघडला. थेंब आत गेला होता.

"हिला मिळाला," वैदेही म्हणाली. मनगटावरची रेघ न पुसताच तिने दुसऱ्या कोंबडीसाठी हात पुढे केला.